हिवाळ्यापूर्वीची बाग : सतराव्या शतकातील इंग्लंडमधील उद्यान-दिनदर्शिका आणि १६८३-८४ चा हिवाळा

प्रस्तावना :

शेतीच्या इतिहासाला मराठी अभ्यासकांनी बऱ्यापैकी न्याय दिला आहे. बागेच्या इतिहासाकडे मात्र बहुधा स्थापत्याचे किंवा राजवैभवाचे एक अंग म्हणूनच पाहिले जाते. बाग कोणी आखली, कारंजी कोणी बसवली, कोणत्या राजाला कोणते फूल प्रिय होते, एवढ्यावर विवेचन थांबते. बाग ही रोजच्या श्रमांनी टिकते आणि ते श्रम ऋतूंच्या वेळापत्रकाने बांधलेले असतात, ही बाजू त्यामुळे झाकली जाते. थंड प्रदेशातील बागेच्या बाबतीत तर वर्षातील सर्वांत निर्णायक काळ वसंताचा नसून शरद संपून हिवाळा लागण्याच्या मधल्या सहा-आठ आठवड्यांचा असतो. त्या आठवड्यांत जे झाकले, उचलले, पुरले किंवा आत नेले, तेवढेच पुढच्या वर्षी हाती लागते. प्रस्तुत निबंधात या कामांचा विचार जॉन इव्हलिन (१६२०-१७०६) याच्या 'कॅलेंडेरियम हॉर्टेन्स' या उद्यान-दिनदर्शिकेच्या आधारे केला आहे. ही दिनदर्शिका प्रसिद्ध झाल्यावर वीस वर्षांच्या आत इंग्लंडवर जो हिवाळा कोसळला, त्याने तिची जणू परीक्षाच घेतली. म्हणून त्या हिवाळ्याचाही येथे परामर्श घेतला आहे.

दिनदर्शिकेची परंपरा :

महिन्यामहिन्याने कामे सांगण्याची पद्धत जुनी आहे. रोमन लेखक पॅलेडियस याच्या कृषिग्रंथात प्रत्येक महिन्याला स्वतंत्र भाग आहे. इ. स. ९६१ च्या सुमाराची 'कॉर्डोबाची दिनदर्शिका' खगोल, आरोग्य आणि शेती यांची एकत्र नोंद करते. इंग्लंडमध्ये टॉमस टसर याने १५५७ मध्ये शेतकऱ्याच्या वर्षाची कामे पद्यात बांधली. भारतीय परंपरेत महिन्यांपेक्षा ऋतूंना प्राधान्य आहे. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'तील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात कोवळ्या, फांद्या न फुटलेल्या रोपांचे स्थलांतर शिशिरात, फांद्या फुटलेल्यांचे हेमंतात आणि भरदार खोडाच्या झाडांचे पावसाळ्याच्या आरंभी करावे, असा भेद केला आहे. थंडीत झाडांना एक दिवसाआड पाणी द्यावे, हेही तेथे सांगितले आहे. येथे थंडी हा झाडाच्या जिवावरचा धोका नाही. ती पाण्याचे प्रमाण ठरविणारी एक अवस्था आहे. हा फरक लक्षात ठेवला तर उत्तर युरोपातील ग्रंथांमधील शरदऋतूच्या पानांवर जी घाई दिसते, तिचा अर्थ नीट लागतो.

इव्हलिनची दिनदर्शिका १६६४ मध्ये 'सिल्व्हा' या त्याच्या वृक्षविषयक ग्रंथाला जोडून प्रसिद्ध झाली. १६६० मध्ये स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीच्या आदेशाने हा ग्रंथ निघाला होता. नौदलासाठी लागणाऱ्या इमारती लाकडाची टंचाई हे त्यामागचे तातडीचे कारण होते. 'सिल्व्हा' जमीनदारांना उद्देशून होती, तर सोबतची दिनदर्शिका घरामागची बाग असणाऱ्या कोणालाही उपयोगी पडणारी होती. ती स्वतंत्रपणेही छापली गेली आणि १७०६ पर्यंत तिच्या दहा आवृत्त्या निघाल्या. प्रत्येक महिन्याच्या आरंभी सूर्योदय, सूर्यास्त व दिनमान दिलेले असते. त्यानंतर फळबाग व भाजीबाग यांची कामे येतात, मग फुलबागेची, आणि त्या महिन्यात कोणती फळे व फुले हाती असतात त्यांची यादी. मांडणी साधी आहे. तिच्यामागे मात्र लंडनजवळच्या डेप्टफर्ड येथील 'सेज कोर्ट' या स्वतःच्या बागेत सुमारे बारा वर्षे केलेली निरीक्षणे होती.

सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर :

हिवाळ्याच्या तयारीचा पहिला ठोका २९ सप्टेंबरला, म्हणजे सेंट मायकेलच्या सणाला पडतो. हा दिवस इंग्लंडमध्ये केवळ धार्मिक नव्हता. जमिनीचा खंड भरण्याच्या चार तिमाही दिवसांपैकी तो एक होता आणि गडीमाणसांचे करारही अनेक भागांत याच सुमारास संपत व नव्याने होत. म्हणजे हिशेबाचा दिवस आणि झाडे आत नेण्याचा दिवस एकच. इव्हलिन येथे एक सावध पुस्ती जोडतो : ऋतुमानाप्रमाणे हे काम थोडे आधी वा नंतर करावे, पण हवा स्वच्छ असताना करावे, धुक्यात करू नये, आणि झाडे कोरडी असताना ती आत घ्यावीत. ओली पाने बंद खोलीत गेली की बुरशी धरते, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते.

आत न्यायच्या झाडांची यादी मराठी वाचकाला मौजेची वाटेल. नारिंग व लिंबू यांबरोबर तीत चमेली आहे, कण्हेर आहे, खजूर आहे आणि कोरफडीचे प्रकारही आहेत. आपल्याकडे गावाच्या वेशीवर आणि स्मशानाच्या कुंपणालाही कोणी न विचारता वाढणारी कण्हेर तेथे लाकडी पेटीत लावून, दोन माणसांनी उचलून, दारे-खिडक्यांच्या दालनात मांडावी लागत असे. वनस्पतीची प्रतिष्ठा तिच्या गुणांवर कमी आणि तिला जगविण्याच्या खर्चावर अधिक अवलंबून असते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. या सदाहरित झाडांना इंग्रजीत 'ग्रीन्स' म्हणत आणि ती ठेवण्याचे घर म्हणून 'ग्रीनहाउस' हा शब्द आला. तो रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः इव्हलिनलाच दिले जाते. आज या शब्दासरशी काचेचे छप्पर डोळ्यांपुढे येते. त्या काळचे ग्रीनहाउस मात्र पक्क्या छपराचे, दक्षिणेला मोठ्या खिडक्या असलेले दालन होते. झाडे हिवाळ्यात झोपतात, त्यांना ऊब हवी, उजेडाची फारशी गरज नाही, अशी समजूत त्यामागे होती.

आत नेलेल्या झाडांना लगेच कोंडायचे नसते. आरंभीचे काही आठवडे दारे-खिडक्या उघड्या ठेवून त्यांना नव्या जागेची सवय लावायची आणि थंडी वाढेल तसतसे दालन बंद करीत जायचे, असा क्रम सांगितला आहे.

ऑक्टोबरमध्ये काम जमिनीकडे वळते. फळबाग व भाजीबाग यांसाठी चर खणून माती उघडी टाकावी, म्हणजे हिवाळ्यातील गोठण व वितळण यांनी ती भुसभुशीत होते. आपल्याकडे उन्हाळ्यात नांगरून जमीन तापू देतात, तेच काम तेथे हिमाकडून करून घेतले जाते. झाडावर उरलेली हिवाळी फळे कोरड्या दिवशी उतरवावीत आणि त्यांना मार लागू देऊ नये, कारण एक डागाळलेले फळ साठवणीतील शेजारच्या फळांना नासवते. सफरचंद व नासपती यांचे मद्य काढण्याचे दिवसही हेच.

नोव्हेंबरच्या पानावर घाई स्पष्ट दिसते. झाडांची लागवड व स्थलांतर चालू ठेवावे, पण वेळ दवडू नये, कारण कडक थंडी झपाट्याने येत आहे, अशा आशयाचे वाक्य तेथे आहे. पुढील वर्षी कलमे बांधण्यासाठी रोपवाटिकेत खुंट लावून ठेवायचे. खरबुजांच्या वाफ्यांतील जुने खत बाहेर काढून मातीत मिसळायचे आणि वसंतासाठी त्याच्या वरंब्या घालून ठेवायच्या. गाजर, सलगम, कोबी यांपैकी बियाण्यासाठी राखलेले कंद व गड्डे तळघरात न्यायचे. ॲस्परॅगसचे शेंडे छाटून वाफे लांब काडीच्या शेणखताने झाकायचे. थंडी तीव्र असेल तर ॲनिमोनसारख्या नाजूक फुलझाडांवर चटया पसरायच्या. दालनातील झाडे अगदीच सुकली आणि बाहेर गोठण नसली, तरच त्यांना थोडे पाणी द्यायचे, तेही मेंढीच्या लेंड्या वा गाईचे शेण थोडेसे कालवून.

या सर्व सूचनांत इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी सूचना अगदी लहान आहे. थंडी जीवघेणी झाली आहे हे ओळखावे कसे? इव्हलिन सांगतो की दालनात पाण्याचे भांडे किंवा ओले फडके ठेवावे. ते गोठले की लोणारी कोळसे पेटवावेत, त्यांचा धूर पूर्ण निघून गेल्यावर दालनाच्या मध्यभागी जमिनीत केलेल्या खड्ड्यात ते ठेवावेत. तापमापक त्या काळी विद्वानांच्या कपाटात होते, माळ्याच्या हातात नव्हते. ओले फडके हेच माळ्याचे उपकरण. ते अचूक होते, स्वस्त होते आणि त्याला वाचता येण्याची गरज नव्हती. पण त्यात एक मूलभूत उणीव होती : फडके कडक होईपर्यंत झाडांच्या अंगाला हिम भिडलेले असे. ते उपकरण धोक्याची पूर्वसूचना देत नव्हते, धोका आल्याची वर्दी देत होते.

तारखांचा एक प्रश्न :

या दिनदर्शिकेतील तारखा आजच्या तारखांशी जशाच्या तशा जुळवणे चुकीचे ठरते. इंग्लंडने ग्रेगोरियन कालगणना १७५२ मध्ये स्वीकारली. इव्हलिनच्या काळी तेथे जुनी ज्युलियन गणना चालू होती आणि तिच्यात व ग्रेगोरियन गणनेत दहा दिवसांचे अंतर होते. त्यामुळे त्याचा २९ सप्टेंबर म्हणजे आजचा ९ ऑक्टोबर. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सणाची तारीख तीच राहिली, पण ऋतूच्या हिशेबाने सण अकरा दिवस अलीकडे आला. ज्यांनी जुन्या पुस्तकावरून झाडे हलविली असतील त्यांना सणाचा भरवसा धरून चालणार नव्हते. महाराष्ट्रातील शेतकऱ्याने पेरणीसाठी चांद्र तिथीपेक्षा सूर्यनक्षत्रांचा आधार घेतला, त्यामागेही तिथी मागेपुढे सरकतात आणि पाऊस सरकत नाही, हाच व्यवहार आहे. शिवाय इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्याने जानेवारी १६८४ ची नोंद तत्कालीन कागदांत १६८३ म्हणून आढळते. पुढील हिवाळ्याचा उल्लेख जोडवर्षाने करण्याचे कारण एवढेच.

१६८३-८४ चा हिवाळा :

मध्य इंग्लंडच्या तापमानाची मालिका १६५९ पासून उपलब्ध आहे. तिच्यात १६८३-८४ चा हिवाळा सर्वांत थंड म्हणून नोंदला गेला आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांचे सरासरी तापमान उणे १.२ अंश सेल्सिअस होते. डिसेंबर १६८३ च्या मध्यास सुरू झालेली गोठण फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत टिकली. टेम्स नदी इतकी घट्ट गोठली की तिच्यावर दुकानांच्या रांगा उभ्या राहिल्या, गाड्या धावल्या आणि छापखानाही थाटला गेला. इव्हलिनने रोजनिशीत या हिमजत्रेचे वर्णन केले आहे. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांना ही जत्रा फार आवडते. त्याच रोजनिशीतील ४ फेब्रुवारीची नोंद मात्र क्वचितच उद्धृत होते. त्या दिवशी तो सेज कोर्टला गेला, तेव्हा अनेक सदाहरित व दुर्मीळ झाडे पूर्ण नष्ट झालेली त्याला दिसली. नारिंगे व मर्टल अत्यवस्थ होती, रोझमेरी व लॉरेल दिसण्यात तरी मेलेली, सायप्रस मात्र तग धरेल असे वाटत होते.

ज्याने बाग सांभाळण्याचे पुस्तक लिहिले त्याचीच बाग गेली. येथे एखादा लेखक गप्प बसला असता. इव्हलिनने १४ एप्रिल १६८४ रोजी नुकसानीचा तपशील रॉयल सोसायटीला लिहून कळविला आणि तो सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स'मध्ये छापला गेला. कोणते झाड मेले, कोणते वाचले, कोणत्याबद्दल अजून सांगता येत नाही, असा हा हिशेब आहे. झाड वरून वाळले म्हणून लगेच उपटू नये, मुळाकडून फुटण्याची वाट पाहावी, हा विचारही त्यामागे दिसतो. पत्रात एका कासवाची हकिगत येते. हे कासव दरवर्षी हिवाळा जवळ आला की स्वतःला जमिनीत गाडून घेई, म्हणून इव्हलिन त्याला एक प्रकारचा वनस्पति-प्राणीच समजत असे. त्या वर्षी द्राक्षवेलीचे मूळ आडवे आल्याने त्याला नेहमीच्या खोलीपर्यंत खणता आले नाही आणि अनेक कडक हिवाळे पचविलेले ते कासव मेलेले सापडले. हकिगत करमणुकीची वाटली तरी तीत निरीक्षण पक्के आहे : हिवाळ्यापासून वाचविते ते आवरण, आणि आवरणाची जाडी काही इंचांनी कमी पडली तरी भागत नाही.

भट्टी, हवा आणि तापमापक :

त्या हिवाळ्यानंतर प्रश्न बदलला. झाडे आत केव्हा न्यावीत याऐवजी आत नेल्यावर ऊब कशी द्यावी, हा विचार पुढे आला. लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संघाने १६७३ मध्ये स्थापन केलेल्या चेल्सी येथील बागेत जॉन वॉट्स याने दालनाच्या फरशीखाली भट्टी बसवून भुयारी मार्गांनी ऊब खेळविली होती. हान्स स्लोन याने नोव्हेंबर १६८४ मध्ये, म्हणजे पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर, निसर्गशास्त्रज्ञ जॉन रे याला हे कळविले. आत हवामापक ठेवून दालनाची ऊब हव्या त्या अंशावर राखता येईल आणि गरजेप्रमाणे खिडक्यांतून बाहेरची हवा घेता येईल, अशी वॉट्सची आशा होती. ऑगस्ट १६८५ मध्ये इव्हलिनने स्वतः ही व्यवस्था पाहिली. विटांच्या कमानींखालून येणाऱ्या उष्णतेमुळे कडक थंडीतही दारे-खिडक्या उघड्या ठेवता येतात, फक्त बर्फ आत येऊ द्यायचे नाही, अशी नोंद त्याने केली. तेथेच त्याला सिंकोनाचे, म्हणजे ज्याच्या सालीपासून हिवतापाचे औषध मिळे ते झाड दाखविण्यात आले. म्हणजे हा प्रश्न आता केवळ हौशी श्रीमंतांच्या नारिंगांचा उरला नव्हता.

दिनदर्शिकेच्या १६९१ च्या आवृत्तीला इव्हलिनने नव्या ग्रीनहाउसवरील प्रकरण जोडले. खोलीच्या मध्यभागी निखारे ठेवण्याचा आपला जुना उपाय बाजूला सारून त्याने भट्टी दालनाबाहेर नेली. बाहेरची ताजी हवा भट्टीतून जाणाऱ्या नळ्यांत तापून आत यावी आणि आतली कोंदलेली हवा फरशीतील मार्गाने भट्टीकडे ओढली जावी, अशी ही योजना होती. नळ्यांच्या मुखाजवळ त्याने तापमापक टांगला. ओल्या फडक्याची जागा अखेर अंशांनी घेतली.

या योजनेचे मूळ केवळ १६८४ च्या नुकसानीत शोधणे अपुरे ठरेल. याच लेखकाने १६६१ मध्ये 'फ्युमिफ्युजियम' ही लंडनच्या दगडी कोळशाच्या धुरावरील पुस्तिका लिहिली होती. कोंदलेली, धुराळलेली हवा माणसाचे आयुष्य कमी करते, हा तिचा विषय. तीस वर्षांनी तोच विचार तो झाडांना लावतो : थंडीइतकीच श्वास कोंडल्यामुळेही झाडे मरतात. शहराच्या हवेपासून कुंडीतल्या नारिंगापर्यंत एकच विचार कसा पोचतो, हे पाहण्यासारखे आहे.

माळ्याची बाजू :

रात्री उठून भट्टीत कोळसा कोण घालत होते, हे छापील दिनदर्शिका सांगत नाही. तिच्यातील आज्ञार्थी क्रियापदांना कर्ता नाही. ती उणीव काही अंशी दुसऱ्या एका हस्तलिखिताने भरून निघते. इव्हलिनने १६८० च्या दशकात जोनाथन मॉस या उमेदवार माळ्यासाठी सूचना लिहून ठेवल्या. त्या १९३२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. दर सोमवारी सकाळी माळ्याने संपूर्ण बागेत फेरी मारावी, एकही कोपरा सोडू नये, कोणत्या झाडाला आधार हवा, कोठे बांधणी सुटली आहे ते पाहावे, असे तेथे म्हटले आहे. मालकाच्या वा मालकिणीच्या परवानगीवाचून भाजी-फळे विकू नयेत, अशीही ताकीद आहे. ताकीद लिहावी लागली यावरूनच व्यवहाराची कल्पना येते. छापील ग्रंथात ज्ञान मालकाचे दिसते, हस्तलिखितात ते माळ्याच्या सोमवारच्या फेरीवर उभे असल्याचे दिसते. मॉसचे स्वतःचे म्हणणे कोठे नोंदलेले नाही. १६८४ च्या त्या आठवड्यांत कोळसा वेळेवर पोचला की नाही, याचा दोष वा श्रेय कोणाकडे गेले असते, हे मात्र अशा मांडणीत ठरूनच गेलेले असते.

इव्हलिनने १६९४ मध्ये सेज कोर्ट सोडले. १६९८ मध्ये रशियाचा झार पीटर तेथे पोटभाडेकरू म्हणून काही महिने राहिला आणि बागेची इतकी नासधूस झाली की भरपाई ठरविण्यासाठी वास्तुविशारद क्रिस्टोफर रेन व उद्यानतज्ज्ञ जॉर्ज लंडन यांना पाहणी करावी लागली. कोणत्याही दिनदर्शिकेत या संकटाची तजवीज नव्हती.

भारतातील उलटलेले पान :

ही परंपरा इंग्रजांबरोबर भारतात आली तेव्हा तिचे शरदऋतूचे पान उलटे करावे लागले. विल्यम केरी हा महाराष्ट्राला १८०५ च्या मराठी व्याकरणाचा आणि १८१० च्या मराठी कोशाचा कर्ता म्हणून परिचित आहे. तोच श्रीरामपूरला मोठी बाग राखून होता आणि १८२० मध्ये कलकत्त्यात कृषी व उद्यानविषयक संस्था स्थापन करण्यात त्याचाच पुढाकार होता. पुढे टॉमस फर्मिंजर याने बंगाल व उत्तर भारतासाठी १८६३ मध्ये उद्यानपुस्तक लिहिले. पुण्याजवळच्या गणेशखिंड येथील वनस्पतिउद्यान सांभाळणाऱ्या जॉर्ज मार्शल वुड्रो याने भारतातील बागकामावर पुस्तक लिहिले, त्याच्याही अनेक आवृत्त्या निघाल्या. मैदानी प्रदेशात पाऊस ओसरल्यावरचा ऑक्टोबर हा बाग मिटण्याचा नव्हे, तर उघडण्याचा महिना. कोबी, फुलकोबी, गाजर, सलगम ही इव्हलिनने नोव्हेंबरात तळघरात न्यायला सांगितलेली पिके येथे त्याच सुमारास वाफ्यात जातात. हलक्या चटया येथेही लागतात, पण हिमासाठी नव्हे. ऑक्टोबरच्या दुपारी कोवळ्या रोपांवर त्या उन्हासाठी धरल्या जातात आणि संध्याकाळी काढून घेतल्या जातात.